बोट बंद झाली तरी

उत्तर जपानमधल्या आओमोरीच्या बंदरावर एक दगडी स्मारक आहे. माणूस जवळ गेला की ते आपोआप गाऊ लागतं. मागच्या एप्रिलच्या अखेरीस मी तिथे गेले तेव्हा सगळे पर्यटक शेजारच्या हिरोसाकीला साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला गेले होते आणि धक्क्यावर शुकशुकाट होता. रस्त्याच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग अजून वितळायचे होते. मी दोन पावलं पुढे टाकली आणि वाद्यवृंदाचा असा दणका उठला की मी दचकून मागे सरले. मागे सरल्यावरही गाणं थांबलं नाही. पूर्ण कडवं झालं. माझ्या आधीपासून तिथे साठी ओलांडलेलं एक जोडपं होतं. आरतीला उभं राहावं तसे ते दोघं हात जुळवल्यासारखे समोर धरून उभे होते. बाईंचे ओठ हलत होते.

गाणं होतं ‘त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी’, म्हणजे ‘त्सुगारूची सामुद्रधुनी, हिवाळ्यातलं दृश्य’. इशिकावा सायुरी (जपानी रिवाजाप्रमाणे आडनाव आधी) हिने गायलेल्या या गाण्याची रेकॉर्ड 1977 च्या 1 जानेवारीला बाजारात आली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. शब्द आकु यू यांचे, चाल मिकी ताकाशी यांची. एक बाई तोक्योमधलं सगळं मागे टाकून उत्तरेकडे होक्काइदोला निघाली आहे. रात्रीची गाडी, मग बर्फातलं स्टेशन, मग बोट. गाण्यात एवढंच घडतं. तोक्योतलं उएनो स्टेशन ते आओमोरी हा सातशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास आकु यू यांनी सुरुवातीच्या एका श्वासात संपवला आहे. पहिली ओळ ऐकता ऐकता आपण बर्फात उतरलेलो असतो. गीतलेखन शिकणाऱ्या कुणालाही मी आधी हीच ओळ ऐकायला सांगेन.

स्मारकाच्या मागेच ‘हाक्कोदा-मारू’ उभी आहे. पिवळ्या रंगाची ही बोट आता संग्रहालय आहे. आओमोरी आणि होक्काइदोतलं हाकोदाते यांच्यामध्ये 113 किलोमीटर समुद्र. रेल्वेच्या बोटींना तो ओलांडायला चार तासांच्या आसपास लागत, आणि त्यांच्या पोटात रूळ टाकलेले असल्यामुळे मालगाडीचे डबेच्या डबे आत ढकलता येत. ते रूळ आजही बघायला मिळतात. 13 मार्च 1988 रोजी समुद्राखालून 53.85 किलोमीटरचा सेइकान बोगदा सुरू झाला आणि त्याच दिवशी या बोटींची नियमित सेवा संपली. ज्या बोटीवरचं हे गाणं, ती गाण्यानंतर अकराच वर्षं चालली. गाणं मात्र सुटलं नाही. वर्षाच्या शेवटच्या रात्री एनएचके वाहिनीवर ‘कोहाकु’ नावाचा गाण्यांचा मोठा कार्यक्रम असतो. तिथे इशिकावा सायुरी बहुतेक वर्षं आलटून पालटून हे आणि ‘आमागि-गोए’ अशी दोन गाणी गात आली आहे.

*

मी जपानी शिकले पुण्यात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आमच्या बाई एके दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन आल्या आणि त्यांनी साकामोतो क्यू याचं ‘उए ओ मुइते आरुको’ लावलं. शीळ घालत चालल्यासारखं ते गाणं मला आनंदाचं वाटलं. शब्दकोश उघडून अर्थ लावला तेव्हा कळलं की माणूस वर बघत चालतोय, कारण डोळ्यांतलं पाणी खाली पडू द्यायचं नाही. 1961 चं हे गाणं 1963 मध्ये अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तिकडे त्याला ‘सुकियाकी’ हे एका मांसाच्या पदार्थाचं नाव दिलं गेलं, याचा मला अजून राग येतो. 12 ऑगस्ट 1985 रोजी जपान एअरलाइन्सचं विमान डोंगरावर कोसळून 520 माणसं गेली, त्यांत साकामोतो क्यू होता. आमच्या बाईंनी हे सांगितलं आणि टेप पुन्हा सुरुवातीपासून लावली.

त्या टेपपासून मी या गाण्यांच्या मागे आहे. दुभाषी म्हणून काम करताना कारखान्यांतल्या बैठका दिवसभर झाल्या की संध्याकाळी यजमान गाण्याच्या जागी घेऊन जात, आणि दिवसभर आकड्यांशिवाय काही न बोललेला माणूस माइक हातात घेऊन डोळे मिटत असे. आज पंचावन्न-साठ-पासष्ट वयाची ही पिढी. हिची गाणी तिकडे ‘शोवा कायो’ म्हणून ओळखली जातात. शोवा हा 1926 पासून 1989 पर्यंत चाललेला सम्राट हिरोहितो यांचा कालखंड. माझं वयही त्यांच्याच जवळपासचं, म्हणून मी ते ऐकताना परकी राहत नाही. आणि इतकी वर्षं ऐकून मला एक गोष्ट दिसली आहे. यांची सगळ्यांत लाडकी गाणी प्रेमाची असली तरी त्यांत कुणीतरी निघालेलं असतं. फलाट, धक्का, विमानतळ, हायवे. जपानी गाण्याने त्या काळात निरोप जेवढा गायला तेवढं दुसरं काही गायलं नाही.

त्याला कारण होतं. युद्धानंतरच्या दशकांत ईशान्येच्या तोहोकुसारख्या गरीब भागातून शाळा संपवलेली पोरं वर्गच्या वर्ग मिळून गाडीत बसत आणि उएनोला उतरत. कारखानदार त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणायचे. पोरं गेली, मग हिवाळ्यात शेतं बर्फाखाली गेल्यावर बापही मजुरीला जाऊ लागले. गाव आणि तोक्यो यांच्यामध्ये घरोघर अशी एक ताणलेली दोरी होती. कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

या दोरीवरचं सगळ्यांत नेमकं गाणं ‘मोमेन नो हानकाचीफु’, म्हणजे ‘सुती रुमाल’. 1975 च्या डिसेंबरमध्ये ओता हिरोमीने गायलं, शब्द मात्सुमोतो ताकाशी यांचे, चाल त्सुत्सुमी क्योहेई यांची. चाल इतकी हसरी की लक्ष नसेल तर फसायला होतं. चार कडवी आहेत आणि प्रत्येकात आधी तो बोलतो, मग ती; दोघांचे आवाज एकाच गायिकेचे. तो शहराला निघतो, तुझ्यासाठी तिथे भेट शोधेन म्हणतो. तिला काही नको, फक्त तू बदलू नकोस. पुढे तो शहरातल्या फॅशनची अंगठी पाठवतो, मग सूट घातलेला स्वतःचा फोटो पाठवतो, आणि शेवटी कळवतो की आता परत येणं जमणार नाही. तेव्हा ती पहिल्यांदा काही मागते: डोळे पुसायला सुती रुमाल. पत्रांतून चाललेलं हे नातं कुठे तुटलं ते गाणं सांगत नाही. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत ते तुटतं. या ओळींवर मी गिरणीतल्या फोरमनला, बँकेच्या व्यवस्थापकाला आणि एकदा तर कंपनीच्या संचालकांना गप्प झालेलं पाहिलंय. त्यांतले बरेचसे कडव्यातला ‘तो’ होते.

*

आओमोरीत त्या संध्याकाळी मी स्टेशनजवळच्या गल्लीतल्या एका ‘सुनाक्कु’मध्ये गेले. नावावरून खाण्याची जागा वाटते, पण हा छोटा बार असतो. आठ-दहा खुर्च्या, फळीवर गिऱ्हाइकांनी नावं लिहून ठेवलेल्या बाटल्या, बसल्याबरोबर पुढ्यात येणारी एक छोटी वाटी (त्या दिवशी शिजवलेला बांबूचा कोंब होता), आणि काउंटरच्या पलीकडे मालकीणबाई. तिला सगळे ‘मामा’, म्हणजे आई, म्हणतात. इथल्या मामा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या होत्या. त्सुगारूची बोली मला धड कळत नाही, म्हणून त्या माझ्यासाठी सावकाश, रेडिओवरचं जपानी बोलत होत्या.

मी गाणाऱ्या दगडाचं बोलले तशा त्या हसल्या. म्हणाल्या, “ते गाणं आलं तेव्हा मी हायस्कुलात होते. आमच्या घरी ते उलटं ऐकलं जायचं.”

उलटं म्हणजे?

“गाण्यातली बाई तोक्योहून इकडे येते. आमचे वडील इकडून तिकडे जायचे. सफरचंदं उतरवून झाली की उएनोची गाडी. रस्ते खणायच्या कामावर. साकुरा फुलायच्या आधी परत. त्यामुळे उएनो आणि रात्रीची गाडी ऐकली की आई रेडिओ बंद करायची.”

त्यांच्या वडिलांनी खणलेल्या रस्त्यांतल्या एखाद्यावरून मी तोक्योत कधीतरी चालले असेन.

मग त्यांनी दर गुरुवारच्या रात्री नऊचं सांगायला सुरुवात केली. जपानमध्ये या वयाच्या कुणालाही गुरुवार रात्री नऊ म्हटलं की ‘द बेस्ट टेन’ आठवतो. टीबीएस वाहिनीवर जानेवारी 1978 ते सप्टेंबर 1989 हा कार्यक्रम चालला. आठवड्याची दहा गाणी, दहाव्यापासून पहिल्यापर्यंत, सगळं थेट प्रक्षेपण. आकड्यांची पाटी खटखट करत फिरायची, आरशांचं दार फिरायचं आणि त्यातून गायक बाहेर यायचा. बिनाका गीतमालेसाठी बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनचा काटा जुळवणाऱ्या आमच्या घरांना ही धडधड ओळखीची आहे. क्रमांक ठरायचा रेकॉर्डच्या विक्रीवर, रेडिओवरच्या पसंतीवर, हॉटेलांना तारेने गाणी पुरवणाऱ्या सेवेकडे आलेल्या फर्माइशींवर आणि प्रेक्षकांच्या पोस्टकार्डांवर. हिशेबात ढवळाढवळ नाही, हा त्यांचा बाणा होता. यामागुची मोमोए त्या वेळची सर्वांत मोठी तारका, पण पहिल्याच भागात तिची गाणी पहिल्या दहांत बसली नाहीत आणि तिला बोलावलं गेलं नाही. यादीतला कुणी येणार नसेल तर निवेदक तसं सांगून प्रेक्षकांची माफी मागत. गायक दौऱ्यावर असेल तर कॅमेरा तिथे पोचायचा. शिंकान्सेन स्टेशनात थांबते तेवढ्या मिनिटांत फलाटावर गाणं उरकलं जायचं. मात्सुदा सेइको तर 1980 मध्ये हानेदा विमानतळावर विमानातून उतरली आणि तिथेच धावपट्टीच्या कडेला उभी राहून गायली.

या कार्यक्रमाच्या निवेदिका होत्या कुरोयानागी तेत्सुको. मराठी वाचकाला त्या वेगळ्या नावाने माहीत आहेत: त्याच तोत्तोचान. ते पुस्तक जपानमध्ये 1981 मध्ये आलं तेव्हा दर गुरुवारी त्या ‘द बेस्ट टेन’मध्ये उभ्या असायच्या. आपल्याकडे शिक्षक आणि पालक ‘तोत्तोचान’ हातोहात देतात. ती खिडकीतली मुलगी मोठेपणी एका देशाची गुरुवारची रात्र सांभाळत होती, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

मामांच्या घरी टीव्ही एकच. आजी, आई, तीन भावंडं, आणि उन्हाळा असेल तर वडील. आजीला एन्का हवी, म्हणजे जुन्या वळणाची दर्दभरी गाणी. धाकट्या भावाला पिंक लेडी. स्वतः मामांना सावादा केंजी. नऊ ते दहा सगळे एकाच खोलीत, कारण आपलं गाणं येईपर्यंत दुसऱ्याचं ऐकावंच लागे. त्यामुळे आजीला पोरांची गाणी पाठ झाली आणि पोरांना आजीची. रेकॉर्ड घ्यायला पैसे नव्हते, म्हणून टीव्हीच्या पुढे कॅसेट रेकॉर्डर ठेवायचा आणि सगळ्यांनी श्वास रोखायचा.

“एका टेपमध्ये गाणं ऐन रंगात आलंय आणि मागून आईचा आवाज, अंघोळीचं पाणी निवतंय म्हणून. मी तेव्हा किती रडले! सगळं गाणं नासलं म्हणून.” त्यांनी माझा पेला पुसून पुन्हा ठेवला. “आई जाऊन नऊ वर्षं झाली. गाणं काय, फोनवर आता कितीतरी स्वच्छ ऐकू येतं. पण त्यात आई नाही.”

ती टेप काउंटरखालच्या खणात होती. मला दाखवली. लेबलवर शाळकरी अक्षरात तारीख आणि गाण्यांचे क्रमांक. वाजवायला यंत्र उरलेलं नाही. मीही वाजवून बघू का असं विचारलं नाही.

*

यामागुची मोमोएचं राहिलं. चौदाव्या वर्षी, 1973 मध्ये तिने पहिली रेकॉर्ड केली. 5 ऑक्टोबर 1980 रोजी तोक्योच्या निप्पॉन बुदोकानमध्ये शेवटचा कार्यक्रम केला, पांढरा माइक रंगमंचाच्या मधोमध खाली ठेवला आणि मागे वळून निघून गेली. वय एकवीस. मिउरा तोमोकाझु या नटाशी लग्न केलं आणि त्यानंतर ती कधीही गायला आली नाही. आजपर्यंत नाही. निवृत्त होऊन पुन्हा येणारे कलाकार आपण रोज बघतो. तिने दिलेला निरोप खरा होता, म्हणून त्या पिढीने तो माइक मनातून हलवला नाही. तिचं ‘ई हि ताबिदाची’ (‘शुभ दिवशी प्रस्थान’) हे 1978 चं, तानिमुरा शिंजी यांनी रचलेलं गाणं तेव्हाच्या सरकारी रेल्वेने लोकांना प्रवासाला बोलावण्यासाठी वापरलं होतं. ती सरकारी रेल्वे 1987 मध्ये तुकड्या होऊन खासगी झाली. इथेही तेच: गाडीवाला गेला, गाणं राहिलं.

आणि मग 1989. 7 जानेवारीला सम्राट गेले आणि शोवा संपला. 24 जूनला मिसोरा हिबारी गेली, वय बावन्न. युद्धानंतरच्या उद्ध्वस्त शहरांत लहानपणापासून गात आलेली, आजी-आयांची लाडकी. तिचं ‘कावा नो नागारे नो यो नि’ त्याच जानेवारीत आलं होतं. सप्टेंबरअखेर ‘द बेस्ट टेन’ बंद झाला. तोवर घरात दुसरा टीव्ही आला होता, आणि 1979 मध्ये सोनीने काढलेला वॉकमन प्रत्येक पोराच्या कानाला लागला होता. जो तो आपापलं ऐकू लागला. ‘कोहाकु’ 1963 मध्ये शंभरातल्या 81.4 घरांत लागला होता. हल्ली तो आकडा तिशीच्या घरात असतो. मला यात कुणाचा दोष दिसत नाही. पण एकमेकांची गाणी नाइलाजाने ऐकायची जी सवय होती, ती गेल्याचं मला वाईट वाटतं, आणि ते तिथल्याइतकंच इथलंही आहे.

ती सवय थोडीफार टिकली ती काराओकेमुळे. ‘कारा’ म्हणजे रिकामा, ‘ओके’ म्हणजे ऑर्केस्ट्रा. कोबेच्या बारमध्ये साथ करणाऱ्या इनोउए दाइसुके यांना एका गिऱ्हाइकाने सहलीला साथीला बोलावलं. जाता येईना, म्हणून त्यांनी नुसती साथ टेपवर वाजवून दिली. त्यातून 1971 मध्ये नाणं टाकून चालणारी अकरा यंत्रं तयार झाली. पेटंट त्यांनी घेतलं नाही. पुढे 1985 च्या सुमाराला ओकायामात मालवाहू कंटेनरमध्ये बाकं टाकून गाण्याच्या खोल्या निघाल्या. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या मैत्रीतून उभं राहिलं, तेच हे ओकायामा. बंद खोलीत फक्त आपली माणसं असतात. सुनाक्कुमध्ये मात्र अनोळखी माणसाचं गाणं ऐकावं लागतं, टाळ्या द्याव्या लागतात, आणि प्रत्येकाचं एक ठरलेलं गाणं असतं. त्याला ‘अठरावं’ म्हणतात. काबुकीतल्या एका घराण्याच्या अठरा खास नाटकांवरून आलेला शब्द. दुसऱ्याचं अठरावं आपण आधी घ्यायचं नाही, हा अलिखित नियम. मामांनी मला विचारलं. मी साकामोतो क्यू म्हटलं. कोपऱ्यातला एक म्हातारा उठला आणि मधल्या शिळेची जागा त्याने स्वतःहून सांभाळली.

आता तिशीच्या आतली मुलंही ही गाणी ऐकतात, जगभरची ऐकतात. मात्सुबारा मिकीचं 1979 चं ‘मायोनाका नो दोआ’ 2020 मध्ये अचानक देशोदेशी वाजू लागलं. ती 2004 मध्येच, चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली होती. त्या मुलांना यात शहराचे दिवे दिसतात, आणि ते छानच आहे. पण गावाकडे राहिलेली माणसं त्यांना ऐकू येतात का, याबद्दल मला शंका आहे.

*

दुसऱ्या दिवशी मी ताप्पीला गेले. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात येणारं, होन्शू बेटाच्या उत्तरेकडचं हे टोक. तिकडची छोटी रेल्वे 2022 च्या ऑगस्टमधल्या पावसाने रूळ वाहून गेल्यापासून बंद आहे, त्यामुळे शेवटचा टप्पा टॅक्सीने. चालक पासष्टीचे. वरती एक स्मारक आहे, त्याला मोठं बटण. दाबलं की गाणं सुरू होतं, तेही थेट दुसऱ्या कडव्यापासून. वारा एवढा की आवाज येतो-जातो. समोर पाण्यापलीकडे होक्काइदोची निळसर रेघ, आणि आमच्या पायांखालून तो बोगदा गेलेला. त्यातून 2016 पासून शिंकान्सेन धावते.

चालक माझ्याबरोबर वर आले होते. त्यांची बायको हाकोदातेची. 1983 मध्ये लग्न करून ती बोटीने इकडे आली. धक्क्यावर तिच्या आईने कागदाच्या रंगीत फितीचं एक टोक धरलं होतं, दुसरं हिच्या हातात. बोट हलली तशी फीत उलगडत गेली, ताणली आणि तुटली. तुटल्यावरही कितीतरी वेळ आई दिसत होती.

“आता मुलगी सप्पोरोला असते. पोचवायला स्टेशनात जातो. दार लागतं, गाडी निघते, बोगद्यात शिरते. झालं.” त्यांनी टोपी घट्ट ओढली. “बोटीतून माणूस लहान होत जाताना दिसायचा.”

गाणं संपलं होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता अंगठ्याने पुन्हा बटण दाबलं, आणि आम्ही दोघं पाण्याकडे तोंड करून उभे राहिलो.